गुलाबी खोलीतली कोरी कार्डं

चार वाजत आले की इस्पितळासमोरच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नसे. दुपट्यात गुंडाळलेली बाळं, त्यांच्या आज्या, आत्या, मावश्या, अर्धी रजा टाकून आलेले बाप, आणि घरी कुणीच आजारी नाही पण चमत्कार फुकटात बघायला मिळतो म्हणून आलेले शेजारीपाजारी, सगळे एका बंद दाराकडे डोळे लावून उभे असत. दारावर पाटी होती : ‘निळं बाळ आणा, गुलाबी बाळ न्या’. अनोळखी माणसाला ते कपडे रंगवून देणाऱ्याचं दुकान वाटलं असतं. आत बसत ते गुलाबी बाबा.

त्या दिवशी गर्दीत एक आजोबा होते, त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. स्टुडिओ बंद होऊन पंधरा वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या एका हातात विहीणबाईंच्या चपला होत्या, दुसऱ्या हातात त्यांची पर्स, आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. त्यांच्या एकुलत्या एका लेकीची चार दिवसांची मुलगी घेऊन विहीणबाई आणि जावई आत गेले होते. एका बाळाबरोबर दोनच माणसं, असा बाबांचा नियम होता.

“परवाची, माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट सांगतो,” शेजारचा माणूस सांगू लागला, “बाळ नुसतं निळंशार. पाळण्यात ठेवलं आणि बघता बघता गुलाबाची पाकळी!”

“आणि बाहेर आणल्यावर?” फोटोवाल्यांनी विचारलं.

“बाहेर कोण बघतंय? दुपट्यात गच्च गुंडाळून न्यायचं. तीन तास उघडायचं नाही. उघडलं की रंग उडतो.”

“म्हणजे रंग कच्चाच की,” फोटोवाले म्हणाले. त्या माणसाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गप्प बसले.

दाराच्या फटीतून ध्वनिक्षेपकावरचा बाबांचा आवाज येत होता. “रक्त लाजरं असतं, मायबाप हो! डॉक्टर सुया टोचतात, ते घाबरून लपून बसतं. आम्ही टोचत नाही. आम्ही बोलावतो. जिथं विज्ञानाचा रस्ता संपतो, तिथं आमची पायरी लागते. ये रे रक्ता, ये!” आणि आतून एकदम “आलं! आलं!” असा गलका. रक्त जणू गाडीतून उतरून पिशवी सावरत आलं होतं.

फोटोवाल्यांना हसू आलं असतं, पण आत त्यांची नात होती. ती पाच आठवडे आधी जन्मली होती आणि जन्मल्यावर बराच वेळ रडलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला श्वास घ्यायला लावला, पण अजून मध्येच ती श्वास घ्यायची विसरे आणि ओठ निळे पडत. सिस्टर तळपायाला टिचकी मारत, की पुन्हा गाडी सुरू. नाकाला प्राणवायूची नळी होती, सलाइन चालू होतं, आणि पाळण्याला पांढरं कार्ड टांगलेलं होतं. त्या इस्पितळाची ती जुनी पद्धत. ज्या बाळाला तोंडावाटे काही द्यायचं नाही, त्याच्या कार्डावर मोठ्या सिस्टर स्वतःच्या हाताने लाल शाईत लिहीत : ‘दूध नाही. पाणी नाही. काहीही नाही.’ लाल अशासाठी, की कुणाच्याही चटकन डोळ्यांत भरावं.

चौथ्या दिवशी ती थोडा वेळ नळीशिवाय राहू लागली, म्हणून सलाइन काढून ठेवून सिस्टरांनी तिला अर्ध्या तासासाठी आईच्या छातीशी दिलं आणि त्या पाळीच्या बदलाची नोंद करायला गेल्या. लेकीला टाके होते, तिला उठून बसताही येत नव्हतं. विहीणबाई म्हणाल्या, “पंधरा मिनिटांत आणते गं. समोर तर जायचंय. चार दिवस पोटात घोट नाही लेकराच्या, बघवत नाही मला.” लेकीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने आईकडे पाहिलं, आणि फोटोवाल्यांकडे कुणीच पाहिलं नाही. जिना उतरताना विहीणबाईंनी पाळण्याचं कार्डही काढून घेतलं. बाबांना दाखवायला.

दार उघडलं. विहीणबाई बाहेर आल्या त्या रडत आणि हसत.

“अहो व्याही, पुसलं! सगळं लिहिलेलं पुसलं गेलं!”

“काय पुसलं?”

“कार्डावरचं! बाबा म्हणाले, कार्ड वर धरा. धरलं, तर कोरं! अक्षर नाही त्यावर. बाबा म्हणाले, मनाई उठली, आता पाजा. त्यांच्या माणसाने तिथंच कोमट दूध आणून दिलं. अख्खी बाटली प्यायली माझी बाय. आणि अशी गुलाबी, अशी गुलाबी...”

फोटोवाल्यांनी विचारलं, “कार्ड कुठाय?”

“भिंतीवर लावलं बाबांनी. तिथं किती कार्डं आहेत, सगळी कोरी!”

“त्याला काही लावलं का हो त्यांनी? पाणी, औषध? कसला वास आला?”

“हातसुद्धा लावला नाही! माझ्याच हातात होतं ते.”

चाळीस वर्षं रसायनांत हात घातलेला माणूस. शाई कशाने उडते, हे त्यांना पाठ होतं. पण न शिंपडता, न बुडवता, बाईच्या हातातल्या हातात शाई उडते कशी, हे काही त्यांना सुचेना. आणि सुचेना म्हणून त्यांचा आवाजही खाली आला.

“सिस्टरांना सांगायला हवं, दूध दिलं ते,” ते पुटपुटले.

“काही सांगायला नको,” जावई म्हणाला. “उगाच ओरडतील. बाळ नीट आहे ना? मग झालं. अप्पा, तुम्ही यात पडू नका.”

आणि अप्पा पडले नाहीत. लेक त्या घरात नांदायची आहे, आपण बोलून तिला कशाला त्रास, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बाळ पुन्हा पाळण्यात गेलं. कार्ड दिसेना, तेव्हा सिस्टरांनी विचारलं, विहीणबाई म्हणाल्या पडलं असेल कुठंतरी, आणि नवं कार्ड लागलं. फोटोवाले बाकावर मूग गिळून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

दुपारी बाळाने हिरवी उलटी केली. पोट तबल्यासारखं ताणलेलं, वरची कातडी चकाकणारी. दुपट्यावर शी झाली, त्यात रक्त होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पोटाचा एक्स-रे झाला, आणि त्यांनी बाहेर येऊन सरळ विचारलं, “हिला कुणी काही पाजलंय का?”

विहीणबाईंनी मान खाली घातली. जावई भिंतीकडे बघू लागला. शेवटी फोटोवाले बोलले. सगळं बोलले, बाटलीसकट.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि विहीणबाईंसमोर बसल्या.

“आजी, नळाला पाणी कमी आलं, तर तुम्ही काय करता?”

“पिण्याचं भरून घेते,” विहीणबाई चाचरत म्हणाल्या. “धुणं राहू देते.”

“शरीर तेच करतं. प्राणवायू कमी पडला, की ते मेंदूला आणि हृदयाला आधी रक्त देतं, आणि आतड्यांचा नळ आवळतं. आईच्या पोटात असताना ते चालून जातं, कारण आतड्यांना तेव्हा फारसं कामच नसतं. ही जन्मली तेव्हा बराच वेळ तो नळ बंद होता. नंतर जेव्हा जेव्हा ती निळी पडली, तेव्हाही तो आवळला गेला. आतड्याचं आतलं अस्तर नाजूक असतं, ते दुखावलं. वरून काही दिसत नाही. बाळ भुकेलं दिसतं, चोखायला बघतं. पण आतडं बरं व्हायला वेळ लागतो, म्हणून आम्ही थांबलो होतो. उद्यापासून आईचंच दूध, थेंब थेंब देणार होतो.”

“आणि बाटलीमुळे...” जावयाने विचारलं.

“दूध आलं की आतड्याला काम लागतं. कामाला रक्त लागतं. ते तर तिथं पुरत नव्हतं. न पचलेल्या दुधावर जंतू वाढले, त्यांचा वायू आतड्याच्या भिंतीत शिरलाय, आणि भिंत मरायला लागलीय. खोटं सांगणार नाही. फक्त दुधामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. सगळं नीट करूनही काही बाळांना हे होतं. पण तिला जी संधी होती, ती आपण कमी केली. आणि दूध दिल्याचं मला काल कळलं असतं, तर मी काल रात्रभर तिच्या पोटावर हात ठेवून बसले असते.”

हे शेवटचं वाक्य त्या कुणाला उद्देशून बोलल्या नाहीत. पण फोटोवाल्यांना ते बरोबर लागलं.

बाळाला शस्त्रक्रियेला नेलं. दारं बंद झाली, नातेवाइकांना बाहेर काढलं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. विहीणबाई एकदम उठल्या आणि त्यांनी फोटोवाल्यांचा हात धरला. “व्याही, जा ना हो, बाबांना सांगा. म्हणावं, रक्ताला बोलवा एकदा. मला चालवत नाहीये.” चार वाजले होते. फोटोवाले गेले. बाबांच्या गळ्याला हात घालायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दारावरच्या माणसाला ते म्हणाले, “काल कार्ड लावलंय नातीचं. पाया पडायला आलोय.” त्याने आत सोडलं. बाबा पैसे मागत नसत, फक्त कुणी दिले तर त्यांना वाईट वाटू देत नसत, त्यामुळे पाया पडणाऱ्यांना तिथं अडवत नसत.

आत पाऊल टाकलं आणि फोटोवाले जागच्या जागी थबकले. खिडक्यांना जाड पडदे. छताला चार दिवे, प्रत्येकावर लाल कागद ताणलेला. अख्खी खोली एका गडद, गुलाबी-लाल उजेडात बुडलेली. त्यांच्या नाकाने आपोआप आंबूस औषधाचा वास शोधला, आणि उजवा हात पुढे झाला, तिथं नसलेल्या ट्रेकडे. ही तर त्यांची अंधारखोली होती! फोटोचा कागद खराब होऊ नये म्हणून अशाच लाल दिव्याखाली ते चाळीस वर्षं उभे होते.

त्यांना आपला शिकाऊपणा आठवला. फोटोच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं त्यांनी हौसेने लाल पेन्सिलीने लिहिली होती, आणि लाल दिव्याखाली सगळी पाकिटं कोरी करकरीत. एकाच्या लग्नाचे फोटो दुसऱ्याच्या घरी गेले होते आणि उस्तादांनी त्यांचा कान असा पिळला होता, की पुन्हा जन्मात त्यांनी लाल पेन्सिल धरली नाही. हे त्यांना काल कळायला हवं होतं. एकदा आत डोकावले असते, तरी पुरे होतं. ते बाहेर चपला धरून उभे राहिले.

समोरच्या भिंतीवर कार्डं होती. चाळीस असतील, पन्नास असतील. सगळी कोरी. पाळण्यात एक बाळ होतं, शेजारी त्याची कोवळी आई, मागे आपापली बाळं घेऊन थांबलेली आणि पाया पडायला आलेली माणसं, आणि बाबांची टकळी चालू होती.

“बघ पोरी, आला ना रंग? डॉक्टर म्हणतात निळं. कुठंय निळं? दाखवा मला निळं!”

“मी दाखवतो,” फोटोवाले म्हणाले, आणि त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली.

पांढरा झोत आधी भिंतीवर पडला. कोऱ्या कार्डांवर एकदम अक्षरं उमटली. लाल, ठसठशीत, मोठ्या सिस्टरांच्या हातची. ‘दूध नाही. पाणी नाही. काहीही नाही.’ खाली तारीख, बाळाचं वजन. झोत जिथं सरके तिथं तेच शब्द, ओळीमागून ओळ.

“शाई कुठं गेलीच नव्हती,” फोटोवाले म्हणाले. “लाल उजेडात पांढरा कागदही लालच दिसतो. मग त्यावरची लाल शाई वेगळी दिसणार कशी? माझ्या धंद्यातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. आणि निळेपणाचंही तेच. इथं सगळेच लाल दिसतो, मीसुद्धा. मेलेला माणूस आणून ठेवा, तोही गुलाबी दिसेल!”

“बत्ती बंद करा!” बाबा किंचाळले. “उजेडाने दोष लागेल! लाजरं रक्त...”

फोटोवाल्यांनी झोत पाळण्यावर धरला. बाळाचे ओठ जांभळट निळे होते. नखंही. त्याच्या आईने ते पाहिलं, एक आवाज काढला, बाळ उचललं आणि ती अनवाणीच इस्पितळाकडे पळत सुटली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी निघाल्या. बाकीचे मात्र उभेच राहिले. एक म्हातारा म्हणाला, “ह्यांची श्रद्धा नव्हती, म्हणून अक्षरं परत आली.” दुसऱ्याने मान डोलावली. डोळ्यांसमोर सगळं दिसूनही माणूस असं बोलू शकतो, यावर फोटोवाल्यांचा विश्वास बसेना. त्यांनी नातीचं कार्ड भिंतीवरून काढलं आणि ते बाहेर पडले.

वर आले तेव्हा शस्त्रक्रिया संपली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जवळजवळ सगळं आतडं काळं पडलंय. काढलं तर काही उरत नाही. आम्ही पोट तसंच बंद केलंय.” बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या छातीवर गेलं. या खेपेला कुणी अर्ध्या तासाची मुदत घातली नव्हती.

दुपट्याची घडी घालता घालता लेकीने विचारलं, “अप्पा, मी नेऊ द्यायला नको होतं ना?”

“तुझं काही चुकलं नाही,” फोटोवाले म्हणाले. “तुला उठता येत नव्हतं. मला येत होतं. मला खोटं वाटत होतं, आणि कसं खोटं ते सांगता येईना, म्हणून मी गप्प बसलो. कसं ते नाही कळलं तरी बोलता आलं असतं गं. डॉक्टरांना नुसतं एवढं सांगता आलं असतं, की दूध दिलंय.” लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघंही रडले.

जावयाने तक्रार केली. बाबांनी जबाब दिला, “मी फक्त दिवे लावले. दूध आजीने पाजलं.” बाटली धरणारा हात खरंच आजीचा होता, त्यामुळे चौकशी जागच्या जागी विरली. इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांनी मात्र लाल पेनं गोळा करून टाकून दिली आणि तेव्हापासून कार्डावर ठळक काळ्या शाईने लिहायला लावलं. पंधरा दिवस खोली बंद राहिली. सोळाव्या दिवशी उघडली. आता पाटीखाली नवी ओळ होती : ‘मोबाइल बाहेर ठेवावा’.

फोटोवाले रोज चार वाजता गल्लीत जाऊन उभे राहू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिव्यांचं सांगत, शाईचं सांगत. लोक ऐकून घेत, हसत, आणि आत जात. कुणी म्हणे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, नात गेली ना बिचाऱ्याची.

एके दिवशी रांगेत एक आजी होती. हातात बाळ, बाळाच्या दुपट्यात खोचलेलं कार्ड, काळ्या शाईतलं. फोटोवाले तिला समजावत होते, ती “हो हो” म्हणत दाराकडे सरकत होती. तेवढ्यात मागून विहीणबाई आल्या. त्या दिवसानंतर त्यांनी या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. त्या आजीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मी पाजलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या नातीला. या खोलीत, या हाताने. मला वाटलं भूक लागलीय. पाच दिवसांची होऊन गेली ती.”

आजी थांबली. “पण बाबा तर म्हणतात, उपाशी ठेवून मारतात डॉक्टर.”

“मलाही तसंच वाटलं होतं. मी विचारलंच नाही, का उपाशी ठेवताय म्हणून. नुसतं कार्ड घेऊन इकडे आले.”

“मग आता काय करू मी?”

“वर जा. डॉक्टरीणबाईंना विचार, का नाही द्यायचं. नाही कळलं तर पुन्हा विचार. त्या सांगतात गं, मलाही सांगितलं, पण मी आधी विचारलं नव्हतं. आणि कुणी म्हणालं, बाळ बरं झालं, तर त्याला म्हण, चल, उन्हात येऊन दाखव.”

दार उघडलं. आतून “पुढचं बाळ!” अशी हाक आली. आजी एकदा दाराकडे आणि एकदा विहीणबाईंच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मग तिने दुपटं बाजूला केलं, रांगेतून बाहेर येऊन बाळाचा चेहरा उन्हात धरला, ओठ नीट पाहिले, आणि रस्ता ओलांडून इस्पितळाकडे चालू लागली.

रांग मात्र एका माणसाने पुढे सरकली.